संयम एकट्याला पेलत नाही

धुळ्याच्या देवपुरात उन्हाळ्यात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. लोकांना संयम म्हणून उरला नाही, ही तक्रार. आणि नळाला लावलेल्या मोटरीची घरघर. पुष्कळदा दोन्ही एकाच घरातून. आपण याला ढोंग म्हणतो आणि मोकळे होतो. मला ते ढोंग वाटत नाही. शेजाऱ्याने नळाला मोटर लावलेली असताना आपण न लावणे म्हणजे आपल्या वाट्याचे पाणी त्याच्या टाकीत सोडणे. त्याने ना पाणी वाचते, ना शेजारी सुधारतो. चार वेळा असे करून पाहिलेला सज्जन माणूस पाचव्या वेळी मोटरीच्या दुकानात जातो, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही.

संयम म्हणजे मनाची ताकद, अशी आपली रूढ समजूत आहे. ज्याच्याकडे ती आहे तो हात आखडतो, ज्याच्याकडे नाही तो ओरबाडतो. म्हणून टंचाई आली की उपाय ठरलेले: पाट्या, प्रभातफेऱ्या, शाळेत शपथ, भाषणात संस्कारांचा उल्लेख. ही समजूत उथळ आहे. वस्तू अनेकांची आणि अपुरी असते तेव्हा संयम ही आधी रचना असते, वृत्ती नंतर येते. रचना मोडली की भल्या माणसाची वृत्तीही फार दिवस तग धरत नाही. ती शाबूत असेल तर साधारण, थोडा लोभी, थोडा आळशी माणूससुद्धा आवरते घेतो. या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा देवपूर आणि जुने धुळे यांच्या मधून वाहणाऱ्या पांझरेवरच आहे.

पांझरेवरचे फड

पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते, धुळे शहर दुभागते आणि मुडावदला तापीस मिळते. या नदीवर, तशीच मोसम, आराम, गिरणा या शेजारच्या नद्यांवर, दगडी बंधाऱ्यांची एक साखळी होती. काही बंधारे अजूनही आहेत. तीनशे-चारशे वर्षांपासून चालत आलेल्या या पद्धतीला फड म्हणतात.

बंधारा बुटका असतो. तो पाणी साठवत नाही. प्रवाह थोडा उचलतो आणि कालव्यात वळवतो. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, सारंगातून वाफा. जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुढच्या गावाच्या बंधाऱ्याकडे जाते. ओलिताखालच्या शिवाराचे तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असतात. त्यांतला प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात रब्बीचे, तिसऱ्यात खरिपाचे, चौथा पडीक, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी कमी दिसले की त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करायचे. हे सगळे फडात जमीन असलेल्यांच्या बैठकीत ठरे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, नजर ठेवण्याचे जागल्याचे, वर देखरेख हवालदाराची. हंगामाआधी कालव्याचा गाळ काढायला सर्वांनी यायचे, ज्याची जमीन जेवढी तेवढे त्याचे काम.

इतके वर्णन केले की वाचणाऱ्याच्या मनात ‘किती शहाणी होती जुनी माणसे’ असा उसासा येतो. तो आवरावा. ही माणसे आपल्याहून शहाणी होती असे मानायला काही आधार नाही. भांडकुदळ ती असणारच, नाहीतर जागल्या कशाला ठेवला असता? फडाचे मर्म माणसांच्या चांगुलपणात नाही. चांगुलपणावर तिथे फारच थोडे सोपवलेले आहे.

मनावर काय सोडले नाही

पहिली गोष्ट वेळेची. किती भिजवायचे हा निर्णय पीक उभे राहण्याआधी होई. उसाला ताण बसू लागला, पाने पिवळी पडू लागली, की कुठलाही शेतकरी दुसऱ्याच्या पाळीचे पाणी मागणार. त्या क्षणी त्याला उपदेश करणे निरर्थक आहे. फडाची बैठक मोहाच्या आधी बसते. पेरणीपूर्वी सगळ्यांचीच शेते मोकळी असतात, कुणाचे काय जळणार आहे हे अजून ठरलेले नसते, म्हणून माणसे जरा न्यायाने बोलतात.

दुसरी गोष्ट तोट्याच्या वाटपाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. साधारणतः एकेका शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. शेतीखात्याच्या भाषेत याला तुकडेपणा म्हणतात आणि तो दोष समजतात. पण एक फड कोरडा ठेवायचा ठरला, तर या तुकड्यांमुळेच झळ एका टोकाच्या पाच-दहा घरांना न लागता थोडीथोडी सर्वांना लागे. शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही हे आपल्या कालव्यांचे जुनेच दुखणे. त्याचे कारण वरच्याचा लोभ असे सांगितले जाते. खरे कारण असे की वरच्याची सगळी जमीन वरच आहे आणि खालच्याची सगळी खाली. वरच्याला खाली काही गमवायचेच नसेल तर त्याने हात का आखडावा?

तिसरी गोष्ट एकाच पिकाची. फडभर गहू असेल तर पाण्याची गरज सर्वांची एकसारखी, पाळी एकसारखी. पाटकरी एका टोकाने सुरुवात करतो आणि दुसऱ्या टोकाला संपवतो. मध्येच कुणी ऊस लावला तर तो लपवता येत नाही. उभे पीकच साक्ष देते. चोरी पकडायला हेर लागत नाहीत अशी ही व्यवस्था. आपल्याकडच्या बहुतेक नियमांचे उलटे असते. नियम कडक आणि उल्लंघन अदृश्य.

चौथी गोष्ट नेमणुकीची. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ म्हणजे कुणीच लक्ष ठेवू नये. पाटकरी आणि जागल्या यांचे ते कामच असे आणि त्याचा मोबदला धान्यात मिळे. पाण्याला कोण अडवतो आहे, हे विचारण्याचा वाईटपणा शेजाऱ्याला घ्यावा लागत नसे.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली एका गाजलेल्या निबंधात मांडले की सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे. प्रत्येक गुराखी एक जनावर जास्त सोडणार, आणि यातून सुटायचे तर एक तर सरकारी अंमल हवा किंवा खासगी मालकी. कित्येक वर्षे हे अर्थशास्त्रातले ब्रह्मवाक्य होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ते 1990 च्या आपल्या पुस्तकात मोडून काढले. जगभरातली जंगले, मासेमारीची ठिकाणे, पाटपाण्याच्या संस्था यांचे दाखले देऊन त्यांनी दाखवले की माणसे स्वतःचे नियम स्वतः करून शतकानुशतके निभावतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय भरते. ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. टिकाऊ संस्थांची जी लक्षणे त्यांनी नोंदवली त्यांत ठरलेली हद्द, स्थानिक नियम, सभासदांचा आवाज, नेमलेला राखणदार अशी बरीचशी पांझरेकाठच्या शेतकऱ्याला नवी वाटली नसती.

नियम घेतला, बैठक सोडली

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि सुरुवातीच्या काळात खानदेशात होते. पांझरेच्या कालव्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांनी तरुणपणी इथेच केले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली: ओलिताचे ठरावीक गट, त्यांना काही वर्षांची पाण्याची हमी, आणि गटातल्या साधारण एक-तृतीयांश जमिनीवरच ऊस. याचे फडाशी साम्य डोळ्यांत भरते. त्यांनी ही कल्पना पांझरेवरूनच उचलली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

पण दोन्हींतला फरक बोलका आहे. ब्लॉकमधली उसाची मर्यादा खात्याने घातलेली होती. ती मोडली तर शेतकरी खात्याचा गुन्हेगार ठरे, शेजाऱ्यांचा नाही. उलट खात्याला चकवण्यात एक प्रकारचे शौर्य असते. दख्खनच्या कालव्यांवर ऊस पुढे या मर्यादेत राहिला नाही. नियम जवळपास तोच असूनही एका ठिकाणी तो टिकला आणि दुसरीकडे कागदावर राहिला. म्हणजे रचना म्हणताना मला केवळ नियमावली अभिप्रेत नाही. नियम कुणी केला आणि मोडल्यावर तोंड कुणाला दाखवायचे, हे त्या रचनेचेच भाग आहेत.

नळाची पाळी

आता शहराकडे येऊ. पाळी फडातही होती आणि नळालाही आहे. मग फडातली पाळी आवरायला शिकवते आणि नळाची पाळी साठवायला, असे का?

कारण पाळी किती दिवसांची आहे यापेक्षा ती पक्की आहे की नाही यावर माणसाचे वागणे ठरते. मंगळवारी पाणी येणारच असेल तर माणूस मंगळवारपुरते भरतो. ते मंगळवारी येईल, बुधवारी येईल, कदाचित जलवाहिनी फुटली म्हणून शनिवारी येईल, अशी स्थिती असेल तर तो ड्रम भरतो, गच्चीवर दुसरी टाकी बसवतो, जमिनीखाली हौद बांधतो. आणि ताजे पाणी आले की आधीचे ‘शिळे’ म्हणून ओतून देतो. टंचाईच्या गावात पाणी ओतून देणारी माणसे पाहून बाहेरचा माणूस थक्क होतो. त्यात थक्क होण्यासारखे काही नाही. भांडे रिकामे असेल तरच उद्याच्या अनिश्चिततेसाठी भरता येते. अनिश्चित पाळी प्रत्येक घराला छोटे धरण बनवते, आणि ज्याची गच्ची मोठी त्याचे धरण मोठे. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला तुम्ही काटकसर शिकवणार तरी कशी? ती त्याच्या घरात आधीपासूनच आहे, नाइलाजाने.

अडवणे म्हणजे आवरणे नव्हे

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राने पिढीभर दिली. त्यात खोटे काही नाही. फक्त वाक्य अर्धे आहे. अडवलेल्या पाण्याचे पुढे काय करायचे ते त्यात येत नाही.

आमच्याच जिल्ह्यातला शिरपूर पॅटर्न याचे ठळक उदाहरण. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली 2004 पासून शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले, विहिरींची पातळी वाढली, कोरड्या शिवारात दुसरे पीक आले. हे यश खरे आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी मेमध्ये त्या विहिरी बघाव्यात. पण वाढलेले पाणी कुणी, किती, कोणत्या पिकाला घ्यायचे याची बैठक त्या आराखड्यात नव्हती. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तापीकाठचा खोल गाळाचा थर म्हणजे निसर्गाने भरून दिलेली टाकीच. तरी हे तालुके भूजलाच्या अतिशोषित यादीत गेले. साठा मोठा असणे ही उपशावरची मर्यादा होऊ शकत नाही. उलट साठा मोठा दिसला की मर्यादेचा विषय काढणारा माणूस अपशकुनी ठरतो.

बंधारा आणि धरण यांतला भेदही इथेच आहे. फडाचा बंधारा गरजेपुरते वळवतो आणि उरलेले जाऊ देतो. पांझरेवरच्या अक्कलपाड्यासारखे धरण पाणी राखून ठेवते, आणि राखण्याची सीमा संपली की सोडते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते सुटले तेव्हा पांझरेने धुळ्यातले पूल बुडवले. धरणे नकोत असे मी म्हणत नाही. धुळे शहर नुसत्या वाहत्या नदीवर जगू शकणार नाही. फक्त साठवण्याच्या क्षमतेला संयम समजण्याची चूक करू नये.

विनोबांचे काय?

एक गंभीर आक्षेप धुळ्यातूनच येऊ शकतो. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, अशी गीतेवरची अठरा प्रवचने त्यांनी तिथे दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली; ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून झाला. भिंतीआड कोंडलेला माणूस इंद्रिये आवरण्याविषयी मोकळेपणाने बोलतो, यात व्यवस्थेचा काय संबंध? ही तर शुद्ध मनाची शक्ती.

विनोबांच्या मनोबलाविषयी शंका घेण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या संयमाविषयी ते बोलत होते त्यात कुणाचा वाटा कुणी खात नव्हते. माझा क्रोध मी आवरला तर शेजाऱ्याचा क्रोध त्यामुळे दुप्पट होत नाही. माझे पाणी मी सोडले तर शेजाऱ्याच्या मोटरीला ते मिळते. आत्मसंयम आणि सामाईक वस्तूतला संयम यांची जात वेगळी, आणि पहिल्याचे नियम दुसऱ्याला लावणे हीच आपली मूळ गफलत. शिवाय, थोडे अवांतर वाटेल पण सांगतो, त्या तुरुंगातही अठरा रविवार, अठरा अध्याय, ठरलेले श्रोते आणि लिहून घेणारा एक माणूस होता. विनोबांसारख्यालाही बेत आखावा लागला.

इतके मात्र मान्य केले पाहिजे की पहिली बैठक बोलावणारा माणूस रचनेतून तयार होत नाही. तो कुठून येतो याचे उत्तर माझ्या युक्तिवादात नाही.

राखायचे कुणापासून?

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे. आपल्याकडे मर्यादा हा शब्द नेहमी वरून खाली आला. महाडच्या चवदार तळ्याचेही पाणी ‘राखलेले’च होते, एका समाजापासून; 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह तिथले पाणी पिऊन ती राखण मोडली. ज्या गावगाड्याने तळी राखली त्याच गावगाड्याच्या फडाचे गोडवे कशाला?

हा आक्षेप उडवून लावता येत नाही. फडाच्या बैठकीत आवाज होता तो जमीनवाल्यांना. रात्रभर चारीवर फिरणारा भूमिहीन असेल तर त्याला धान्य मिळे, मत नव्हे. जिच्या नावावर जमीन नाही त्या बाईला दोन्ही नाही. म्हणून कसोटी अशी लावावी: आवरते घेण्याचा खर्च जो नियम करतो त्याच्यावर पडतो की दुसऱ्यावर? स्वतःचा फड कोरडा ठेवला तर तो संयम, दुसऱ्याची घागर कोरडी ठेवली तर ती नाकेबंदी. फड या कसोटीला आतल्या लोकांपुरता उतरतो, बाहेरच्यांसाठी नाही.

पण रचना माणसांनी केलेली असते म्हणून ती बदलताही येते, आणि मनोबलापेक्षा तिचा हा मोठाच फायदा. विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या डोक्यांवर वाटले, भूमिहीनांचाही हक्क धरला आणि ऊस वर्ज्य केला. फडातली शिस्त तीच, हक्काचा पाया वेगळा.

मोटर आली तेव्हा काय गेले

फड मोडले ते लोभ वाढला म्हणून नाही. वर मालनगाव, लाटीपाडा अशी धरणे झाली आणि नदीचा प्रवाह गावाच्या हिशेबात राहिला नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विहिरीवर आलेली मोटर. ज्याच्या शेतात विहीर आणि विहिरीवर मोटर, त्याला बैठकीची गरज उरली नाही. आपला फड पडीक ठेवायचा ठरला तरी तो विहिरीवर ऊस लावू शकतो. ज्यांना बैठकीवाचून भागते असे चार बडे शेतकरी उठून गेले की उरलेल्यांचा नियम म्हणजे गरिबांची आपापसातली तडजोड. बोअरवेलने यावर कडी केली. कालव्याचे पाणी सगळ्यांना दिसते. दीडशे मीटर खालचे कुणालाच दिसत नाही, आणि उघड्या पिकाची साक्ष काढावी तर त्याला पाणी कुठून आले हे पीक सांगत नाही.

राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. गावात बोअरचे मशीन रात्री येते आणि पहाटे जाते, एवढे सांगितले की त्या कलमाविषयी अधिक लिहायला नको. आतापर्यंत उपशाला खरा लगाम घातला तो विजेच्या बिलाने आणि भारनियमनाने. न्याय्य नव्हता, पण लगाम होता. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, आणि सौर पंपाला तर उन्हाशिवाय कुणाचीच परवानगी लागत नाही. शेतकऱ्याची थकबाकी आणि रात्रीची पाळी ज्याने पाहिली आहे त्याला या योजनांना विरोध करणे अवघड जाईल. मीही करत नाही. माझी हरकत एवढीच की शेवटचा लगाम काढताना त्या जागी काय बसवायचे याचा विचार कुणी केलेला नाही. तिथे पुन्हा प्रबोधनाची पाटी लागेल.

जमिनीखालचे पाणी पुन्हा सर्वांना दिसेल असे करता येते का? हिवरे बाजारने ते केले आहे. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजतात, विहिरी मोजतात, आणि ग्रामसभेत वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत किती क्षेत्र भिजवायचे ते ठरवतात. शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे. हा फडच, फक्त कालव्याऐवजी आकड्यांवर चालणारा. पाऊस उघडल्यावर आणि हरभरा पेरण्याआधी दहा-पंधरा दिवसांचा अवधी असतो, तेवढ्यात ही बैठक घ्यावी लागते. पंपाच्या अर्जाला सातबारा जोडावा लागतो, आधारकार्ड जोडावे लागते. त्याच अर्जाला त्या बैठकीचा ठराव जोडायला लावणे सरकारला जड नाही. तसे झाले तर साक्री-धुळ्यातल्या किती गावांना आपली बैठक पुन्हा भरवता येईल, कोणत्या गावात ती चार बड्यांची होऊन बसेल आणि कुठे ग्रामसेवक घरी बसूनच ठराव लिहील, हे गावागणिक वेगळे निघेल. जिथे ती खोटी निघेल तिथे निदान कुणी भरवली नाही त्याचे नाव कागदावर असेल, आणि भांडायला एक जागा मिळेल.